खंड पडणारच, परतायचं कसं ते आधी ठरवा

मी जिमच्या फ्रंट डेस्कवर बसते, सकाळच्या शिफ्टला. कार्ड स्कॅन होतंय का बघणं, लॉकरच्या किल्ल्या देणं, फी, तक्रारी, विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या, हे सगळं माझ्याकडे. शिफ्ट संपली की तिथेच व्यायाम करते. मी ट्रेनर नाही, त्यामुळे कुठला स्नायू कसा वाढवायचा हे मला विचारू नका. पण कोण टिकणार आणि कोण महिन्याभरात दिसेनासं होणार, याचा अंदाज मला बऱ्यापैकी येतो. सगळ्यांच्या येण्याजाण्याची नोंद माझ्या समोरच्या स्क्रीनवर असते, आणि ती वाचायची सवय लागली की बरंच काही कळतं.

पहिली गोष्ट कळते ती ही की टिकणाऱ्यांचेही दिवस बुडतात, आणि चांगले बुडतात. आजारपण, प्रवास, परीक्षा, ऑफिसातली घाई, नुसता कंटाळा, त्यांना काही कमी नसतं. फरक असतो तो बुडाल्यानंतर. ते चार-पाच दिवसांत परत उगवतात, काही झालंच नाही अशा थाटात. उलट जो टिकत नाही तो पहिल्या आठवड्यात अनेकदा सगळ्यांपेक्षा नियमित असतो. सलग सहा दिवस, दोन-दोन तास, नवे शूज, नवी बॅग. मग एक सर्दी होते, आठवडा जातो, आणि नव्याचे नऊ दिवस तिथेच संपतात.

२०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, तो वाचून मला माझी स्क्रीनच आठवली. अमेरिकेतल्या एका मोठ्या जिम-साखळीचे ६१,२९३ सदस्य घेऊन त्यांच्यावर चार-चार आठवड्यांच्या ५४ वेगवेगळ्या योजना राबवून बघितल्या होत्या: बक्षिसं, आठवणीचे मेसेज, काय काय. त्यांत सगळ्यांत सरस ठरली ती योजना अशी होती, की ठरलेला दिवस बुडाला आणि त्यानंतर माणूस परत आला, तर त्याला किरकोळ जादा बक्षीस. सलग येण्याचं कौतुक करण्यापेक्षा परतण्याचं कौतुक केलेलं जास्त लागू पडलं. मात्र चार आठवडे संपून बक्षिसं थांबल्यावर बहुतेक योजनांचा परिणामही ओसरला, हेही त्याच प्रयोगात दिसलं. म्हणजे परतायला लावणारी गोष्ट महिन्याभरानंतरही जागेवर असायला हवी. माझ्या मते ती गोष्ट म्हणजे त्या वेळेला तिथे असणारी माणसं. त्यांच्याकडे येतेच, पण आधी तुमच्या स्वतःच्या हातातलं.

एकवीस दिवसांचा हिशोब सोडा

डेस्कवर मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, “एकवीस दिवस काढले की सवय लागते ना?” नाही लागत, निदान त्या आकड्याने तरी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता, २०१० मध्ये तो छापून आला. रोजची एखादी साधी गोष्ट आपोआप व्हायला लागण्यासाठी किती दिवस लागतात, हे त्यांनी मोजलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस, आणि माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यासारख्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

एकविसाव्या दिवशी आतून काहीतरी उजाडेल अशी वाट बघणारे लोक बाविसाव्या दिवशी स्वतःवरच चिडतात. तुम्ही ती वाटच बघू नका. पहिले दोन-तीन महिने जिमला जायचा कंटाळा येणारच, असं धरून चला. कंटाळा आला म्हणजे आपल्यात काही कमी आहे असं होत नाही.

आधी तळ ठरवा, मग शिखर

फॉर्म भरताना आम्ही विचारतो, “आठवड्यातून किती दिवस येणार?” बहुतेक जण सहा म्हणतात. हा आकडा उत्साहाने ठरवलेला असतो. तो सर्वांत वाईट आठवड्याकडे बघून ठरवायला हवा. तुमच्या गेल्या महिन्यातला सगळ्यांत धावपळीचा आठवडा आठवा. त्या आठवड्यात किती वेळा येता आलं असतं? दोनदा? मग तुमचा आकडा दोन. चांगल्या आठवड्यात तीन-चार वेळा आलात तर ते वरचं.

दोन हा आकडा काही फालतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल सांगितली आहे, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. म्हणजे वजनांचे दोन दिवस जिममध्ये आणि बाकीची मिनिटं भराभर चालून, सायकलवर, जिन्यांवर, जमेल तशी.

तसाच एका वेळच्या व्यायामाचाही तळ असावा. माझा सांगते. स्क्वॉट (वजन घेऊन उठबशा) किंवा लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचं मशीन), काहीतरी ढकलायचं, काहीतरी ओढायचं. प्रत्येकी दोन सेट (न थांबता सलग केलेला एक हप्ता म्हणजे एक सेट), आधी पाच मिनिटं वॉर्म-अप, की बाहेर. पंचवीस मिनिटांत माणूस मोकळा होतो. डोकं ठिकाणावर नसलेल्या दिवशी मी एवढंच करते आणि कार्ड पुन्हा स्कॅन करून घरी जाते. आमच्याकडच्या एका उत्साही ट्रेनरला हे पटत नाही, तो म्हणतो हा व्यायाम नाही, हजेरी आहे. असू दे. कमावलेलं राखायला कमावण्यापेक्षा बरंच कमी लागतं. २०११ च्या एका अभ्यासात काही आठवडे व्यवस्थित वजनं मारलेल्या तरुणांनी नंतर व्यायामाचं प्रमाण नवव्या हिश्शावर आणलं, तरी ३२ आठवडे त्यांचे स्नायू टिकून राहिले. वयस्कर मंडळींना स्नायूंचा आकार राखायला याहून जास्त लागलं, पण ताकद त्यांचीही बऱ्यापैकी राहिली. तेव्हा हजेरीला नावं ठेवू नका.

“जमेल तसं येईन” हे वाक्य

ते म्हणणारे येत नाहीत. एवढं साधं आहे. ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवरचा २००२ चा एक अभ्यास आहे. पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं जोरात व्यायाम करायचा, इतकीच अपेक्षा. काहींना नुसतं सोडून दिलं, काहींना व्यायामाचे फायदे पटवून दिले, आणि काहींकडून फायदे सांगून वर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे लिहून घेतलं. पहिल्या गटातल्या ३८ टक्के जणांनी व्यायाम केला. फायदे ऐकलेल्यांपैकी ३५ टक्के. लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्के. मला त्यातला मधला आकडा आवडतो. व्याख्यानं ऐकून कोणी हलत नाही हे डेस्कवर बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तेव्हा लिहा. “मंगळवार आणि शुक्रवार, ऑफिसातून थेट, साडेसहाला.” थेट हा शब्द महत्त्वाचा. घरी जाऊन कपडे बदलून येतो म्हणणारे सोफ्यावर बसतात, आणि त्यापुढचं सांगायला नको. कपडे सोबत ठेवा, जमलं तर शूज लॉकरमध्येच.

पण वेळेला इतकंही चिकटू नका की ती हुकली म्हणजे दिवसच गेला. एका मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात, ठरवलेल्या वेळेतच आलं तर पैसे, असं ज्यांना सांगितलं होतं, ते पैसे थांबल्यावर कुठल्याही वेळी येण्याचे पैसे मिळणाऱ्यांपेक्षा कमी टिकले. त्यांना त्याच वेळेला यायची सवय लागली, पण ती वेळ चुकली की ते दुसऱ्या वेळेला येईनात. म्हणून पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ लिहा: “मंगळवार हुकला तर बुधवारी सकाळी, फक्त पंचवीस मिनिटांचं.” ही दुसरी ओळ पहिलीपेक्षा जास्त कामाची आहे. बहुतेक जण ती लिहीतच नाहीत.

तिसऱ्या दिवशीची गळती

नवा मेंबर सोमवारी येतो, जोरात लेग डे करतो, मंगळवारी ठीक असतो, बुधवारी जिना उतरताना कठडा धरतो, आणि गुरुवारपासून दिसत नाही. हे इतक्या वेळा बघितलंय की मी आता किल्ली देतानाच सांगून टाकते: “परवा दुखेल. तेव्हा घाबरू नका, या.”

नव्या किंवा सवय मोडलेल्या व्यायामानंतरचं हे दुखणं उशिरा सुरू होतं आणि साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. वजन सावकाश खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच काम करतो, त्याने ते जास्त होतं. तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला की दुखणं लक्षणीय कमी होतं. शरीर एकाच वेळात बरंच शिकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे एक-दोन सेट पुरेत, आणि प्रत्येक सेट संपला तेव्हा अजून चार-पाच रेप्स (एकदा उचलून खाली आणलं की एक रेप) निघाल्या असत्या असं वाटायला हवं. दुखत असताना हलकं चालणं, हलकी सायकल चालते.

काही दुखणी मात्र या हिशोबातली नाहीत. सांध्यात अचानक सणक, छातीत दाब, चक्कर, किंवा जोरदार व्यायामानंतर अंग प्रचंड सुजून लघवी गडद तपकिरी होणं, यांत “होईल बरं” करू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. आधीपासून हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्या.

आणखी एक. पहिल्या काही आठवड्यांत वजनं भराभर वाढतात पण आरशात काही दिसत नाही, म्हणून लोक हिरमुसतात. सुरुवातीची ही ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्थेच्या सुधारलेल्या कामातून येते, हे १९७९ पासून माहीत आहे. स्नायूंचा आकार मागून येतो. आरसा तोवर बाजूला ठेवा आणि वही काढा.

वही

फोनमधलं अॅपही चालेल, मी वहीवाली आहे. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. बस्स. वजन लिहिताना, प्लेट्स जिच्यावर चढवतात त्या दांडीचंही वजन धरून लिहा. मोठी ऑलिंपिक दांडी २० किलोची असते, बायकांची १५ ची, आणि जिममध्ये आणखीही आखूड दांड्या असतात. कुठल्या दांडीवर केलं ते न लिहिल्यामुळे पुढच्या वेळी गोंधळ होतो.

वाढवायचं कसं? वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत थॉमस डेलॉर्म नावाच्या अमेरिकी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर बसवली. दहा रेप्सचे सेट तिथूनच रूढ झाले. आमच्याकडे नव्यांना सांगतात ती सोपी रीत अशी: तीन सेट, आठ ते बारा रेप्स. तिन्ही सेटमध्ये बारा व्यवस्थित निघाल्या की पुढच्या वेळी सर्वांत छोटी प्लेट दोन्ही बाजूंना. सव्वा-सव्वा किलोची असेल तर एकूण अडीच किलो वाढले. रेप्स पुन्हा आठ-नऊवर येतील, येऊ देत. पुन्हा बारापर्यंत चढा.

वहीचा खरा उपयोग खंड पडल्यावर होतो. परत आलेला माणूस बेंचजवळ उभा राहून आठवत बसतो, आणि आठवतं ते नेहमी सगळ्यांत चांगल्या दिवसाचं वजन. ते उचलायला जातो, निघत नाही, चारचौघांत शोभा होते, आणि पुन्हा गायब. वहीत बघा आणि खाली उतरून सुरू करा. आठवडाभर गेला असेल तर काहीच बदलू नका. दोन-तीन आठवडे गेले असतील तर दहा टक्के वजन कमी आणि प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी. महिना-दीड महिना किंवा त्याहून जास्त गेला असेल तर पहिला आठवडा निम्मे सेट, आणि वजन असं की मध्येच थांबल्यासारखं वाटावं. ताकद दोन-तीन आठवड्यांत फारशी जात नाही. दम आधी जातो, त्यामुळे ट्रेडमिलवर धाप लागली म्हणून सगळंच गेलं असं समजू नका.

माणसं कशी जोडायची

लोकांना वाटतं जिममध्ये ओळखी व्हायला बोलका स्वभाव लागतो. काही लागत नाही. एकच वेळ लागते. रोज वेगवेगळ्या वेळी येणाऱ्याला वर्षभराने कोणी ओळखत नाही, आणि मंगळवार-शुक्रवार साडेसहाला येणाऱ्याला महिन्याभरात पाच-सहा चेहरे ओळखायला लागतात. आधी मान हलते. मग “आज गर्दी आहे नाही?” मग नाव. मग एक दिवस बेंचवरून आवाज येतो, “जरा स्पॉट देता का?” म्हणजे, वजन अडलं तर धरायला जवळ उभे राहता का?

त्या आधीच्या काळात तुमची ओळख वागण्यातून होते. वजनं जागच्या जागी ठेवणारा, बेंच पुसणारा, दोन सेटच्या मध्ये मशीनवर बसून फोन न बघणारा माणूस दोन आठवड्यांत सगळ्यांना माहीत होतो, न बोलता. मशीन हवं असेल तर मागे उभं राहून सुस्कारे टाकू नका. सरळ विचारा, “किती सेट राहिलेत?” जास्त राहिले असतील तर, “आळीपाळीने करूया का?” बहुतेक जण हो म्हणतात. माझ्या बघण्यातल्या निम्म्याअधिक ओळखी या दोन प्रश्नांतून झाल्या आहेत.

स्पॉट मागणं आणि देणं नीट शिकून घ्या, कारण जिममधला विश्वास तिथे बसतो. बेंच प्रेसला (उताणं झोपून दांडी छातीवरून वर ढकलायचा व्यायाम) झोपण्याआधीच सांगा: “आठ मारणार आहे, शेवटच्या दोन अडतील. दांडी उचलून द्या, तीनपर्यंत मोजून. मी ‘घ्या’ म्हणाल्याशिवाय हात लावू नका, पण दांडी खाली जायला लागली तर विचारू नका, घ्या.” देणाऱ्याने डोक्यामागे पाय रोवून उभं राहायचं, हात दांडीच्या जवळ पण न लावता, आणि लक्ष फक्त दांडीवर. इकडेतिकडे बघत स्पॉट देणाऱ्याकडून पुन्हा कधी घेऊ नका. आणि कोणी नसेल तर रॅकच्या (दांडी ठेवायच्या चौकटीच्या) सेफ्टी दांड्या, म्हणजे पडती दांडी अडवणाऱ्या आडव्या दांड्या, योग्य उंचीला लावा, नाहीतर डंबेल घ्या.

अगदी नव्या माणसाने हे लगेच गर्दीत करायची गरज नाही. सोबत कोणी असलं की जमणारं काम अधिक चांगलं होतं. दुसऱ्यांबरोबर शर्यत करणारे सायकलपटू एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणाऱ्यांपेक्षा वेगवान असतात, हे नॉर्मन ट्रिप्लेट या मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्येच नोंदवलं होतं. पण अजून न जमणारं काम बघणारे असले की बिघडतं, हे १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलं. त्यामुळे नवा व्यायाम शिकायचा असेल तेव्हा रिकाम्या वेळी या, दुपारच्या आधी किंवा बंद व्हायच्या तासभर आधी. डेस्कवर विचारलंत तर गर्दी कधी नसते ते आम्ही तोंडपाठ सांगतो. चार-पाच वेळा हात बसला की मग आपल्या नेहमीच्या वेळेला या.

ज्यांना ओळख काढणं खरंच जड जातं त्यांनी ग्रुप क्लास बघावा. सगळे एकदम सुरू करतात, एकदम संपवतात, दमून एकदम बाहेर पडतात, आणि दमलेली माणसं सहज बोलतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी जाऊन शिकवणाऱ्याला गुडघ्याचं, कंबरेचं काही असेल तर सांगून ठेवा.

जोडीदार कोण घ्यावा

दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी एकत्र फॉर्म भरायला आल्या की मला आनंद होत नाही. त्या एकत्र येतात आणि एकत्रच सोडतात. एकीचा आठवडा बुडाला की दुसरी म्हणते, “ती नाहीये तर मी एकटी कशाला?” म्हणून एकाच्या भरवशावर राहू नका. ज्यांना तुमचं नाव आणि दिवस माहीत आहेत असे निदान तीन जण असावेत. ते जिवलग असायची गरज नाही. नसलेलेच बरे, एका अर्थी.

बरोबर वजनं मारायला मात्र आपल्याहून थोडा सरस माणूस बघा. १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका बोट-क्लबातल्या वल्हेकऱ्यांवर प्रयोग केले. एकट्याने वजन उचलत राहायचं, आणि मग दोघांनी मिळून एकच दांडी उचलत राहायची, जिथे एकाने सोडलं की दुसऱ्याचंही संपलं. दोघांतला कमजोर माणूस एकट्यापेक्षा जोडीत जास्त टिकला, आणि दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना सर्वांत जास्त. बरोबरीचे असले की तेवढा फरक पडत नाही, आणि फारच तफावत असली की कमजोर मनातून आधीच हरतो. जिममधल्या सर्वांत दणकट माणसाच्या मागे लागणाऱ्या नव्या पोरांना मी हेच सांगते. तो तुझं वजन बदलता बदलता कंटाळेल, तू त्याचं बघून.

जोडीचे नियम पहिल्या दिवशीच बोलून घ्या. दिवस कुठले, आणि उशीर झाला तर किती थांबायचं. दहा मिनिटं थांबायचं, मग सुरू करायचं, रुसायचं नाही. आणि एक जण नाही आला तरी दुसऱ्याने करायचंच.

सगळीच सोबत चांगली असते असं नाही. न विचारता तुमचा प्रत्येक सेट सुधारणारा, तुमच्या शरीरावर शेरे मारणारा, तिसऱ्याच भेटीत लॉकर रूममध्ये कुठल्याशा गोळ्या किंवा इंजेक्शन सुचवणारा, यांच्यापासून लांब राहा. पहिल्याला “थँक्यू, माझा ट्रेनर बघतोय” एवढं पुरतं. दुसऱ्याला तोंडावर सांगा, आणि नाही ऐकलं तर डेस्कवर या. बायकांना विशेष सांगते: कोणी टक लावून बघतंय, व्हिडिओ काढतंय, वाट अडवून बोलतंय, तर “उगाच कशाला” म्हणून वेळ बदलू नका. वेळ बदललीत की तुमची माणसं तुटतात आणि पुढे जिमही सुटतं. तारीख-वेळ सांगून लेखी तक्रार द्या. जिथे त्यावर काही होत नाही ते जिम सोडण्याच्याच लायकीचं.

परत येणाऱ्याशी काय बोलायचं

लोक आळसाने जातात, पण परत येत नाहीत ते लाजेने. एक काका होते, बऱ्याच महिन्यांनी आले. आधी काचेबाहेरूनच आत बघत होते. मग दार ढकलून म्हणाले, “माझं कार्ड चालतंय का गं अजून?” मी म्हटलं, “चालतंय काका. लॉकर खालचा देऊ का वरचा?” आत गेले, तर त्यांच्या वेळचा एक जण बेंचवर होता. तो उठलाही नाही. “काका, माझे दोन राहिलेत, मग तुमचं,” म्हणाला. झालं स्वागत. “कुठे होता इतके दिवस?” असं एकानेही विचारलं असतं तर काकांना सगळी कहाणी सांगावी लागली असती, आणि ती टाळायलाच तर ते इतके दिवस आले नव्हते.

तुमच्या ओळखीचं कोणी दिसेनासं झालं तर आठवड्याच्या आत मेसेज करा, महिना जाऊ देऊ नका. “काय, गायबच झालास!” असं नको, आणि वजनावरून विनोद तर नकोच. “शुक्रवारी साडेसहाला मी आहे, येतोयस का? हलकंच करू.” यात दिवस आहे, वेळ आहे, आणि हलकं करायची सोयही आहे. नाही म्हणाला तर पुढच्या आठवड्यात आणखी एकदा विचारा, आणि मग थांबा. आजारपण किंवा घरचं काही असेल तर तेवढ्यात कळतं.

तुमच्या स्वतःसाठी हेच उलट करून ठेवा. त्या तिघांपैकी एकाला आताच सांगा, सगळं सुरळीत असताना: “मी दोन वेळा दिसलो नाही तर मला मेसेज कर.” नंतर सांगायला जमत नाही.

पैसे भरण्याआधी

अजून जिम ठरायचं असेल तर ज्या वेळेला तुम्ही येणार त्याच वेळेला जाऊन बघा. दुपारी रिकामं जिम दाखवतात, संध्याकाळी रॅकसाठी रांग असते. त्या वेळेला लोक एकमेकांशी बोलतायत का, ट्रेनर नव्यांकडे बघतायत का फोनकडे, हे पाच मिनिटांत कळतं. घरापासूनचं किंवा ऑफिसपासूनचं अंतर यंत्रांच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचं.

वर्षाची मेंबरशिप स्वस्त दिसते, पण आपण किती येणार याचा आपला अंदाज आशावादी असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या तीन जिमच्या सात हजारांहून जास्त सदस्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. महिन्याचे ठरावीक पैसे भरणाऱ्यांपैकी बहुतेकांना दर वेळेचे सुटे पैसे भरणं स्वस्त पडलं असतं, इतकं त्यांचं येणं कमी होतं. आमच्या मालकाला मी हे लिहिलेलं आवडणार नाही, पण पहिल्यांदा जात असाल तर छोट्या मुदतीचं घ्या.

आणि सही करण्यापूर्वी विचारा की मेंबरशिप थांबवून ठेवता येते का, किती दिवस, आणि त्यासाठी आधी अर्ज लागतो का. प्रवास, ऑपरेशन, परीक्षा, काही ना काही येतंच. थांबवण्याचा अर्ज भराल तेव्हा परतीची तारीख नुसती फॉर्मवर लिहू नका, त्या तिघांपैकी एकाला तेव्हाच पाठवून द्या, आणि त्या दिवसासाठी पंचवीस मिनिटांचाच व्यायाम ठरवा.